वैशाखातलं बांडगूळ

आमच्या कॉलनीत माणसांना सावली नाही, वांड्यांना आहे. दर दुसऱ्या गच्चीवर हिरवी शेडनेट ताणलेली असते आणि तिच्याखाली सागाच्या पट्ट्यांच्या टोपल्यांतून हे वांडे, म्हणजे एका जातीचे ऑर्किड, लोंबत असतात. माती नाही, कुंडी नाही, नुसती मुळं, वाळत टाकलेल्या सुतळीसारखी हवेत लटकलेली. आदिलाबादच्या उन्हाळ्यात दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. आणि या टोपल्यांवर फॉगर चालू असतात. बारीक धुकं सुटतं, खालच्या रस्त्यावरून हंडा घेऊन जाणारी बाई मान वर करून त्या धुक्याकडे बघते आणि पुढे चालू लागते.

माझ्याही गच्चीवर आहेत. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे बोलणार आहे ते कुठल्याही उंचीवरून बोलत नाही.

मी महसुलातला कारकून. ‘मौक्यावर जाऊन मुआयना केला’ असं मौक्यावर न जाता लिहिण्यात निम्मा जन्म गेला. बढती झाली, कॉलनीत घर घेतलं, आणि शेजारच्या निवृत्त इंजिनियर साहेबांनी मला ऑर्किडवाल्यांच्या मंडळात ओढलं. मंडळ म्हणजे वीस-पंचवीस सुखी माणसं. महिन्याच्या एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, इडली-चटणी खायची आणि एकमेकांच्या फुलांकडे बघून आपली कशी जास्त मोठी ते सांगायचं. अध्यक्ष एका डॉक्टरांच्या बायको. त्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्यांचे यजमानही.

या लोकांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे झाडाचं कूळ सांगणं. हा निळा कुणापासून झाला, त्याची आई कोण, पराग कुणाचा, आजी फिलिपाइन्सची का आसामच्या डोंगरातली. आसामकडचा तो कोएरुलिया म्हणजे त्यांचा मूळपुरुष, निळा रंग त्याचा. बशीएवढी पाकळी दुसऱ्या कुणाची. मग दोघांचं लग्न लावायचं, पोरांची पोरं पुन्हा तिसऱ्याशी जोडायची, आणि जे होईल त्याला कुठल्या तरी राणीचं किंवा नर्सरीवाल्याच्या नातीचं नाव द्यायचं. जितका संकर जास्त, तितकं झाड भारी. हीच माणसं माझं आडनाव पहिल्यांदा ऐकताना घास तोंडात धरून क्षणभर थांबली होती. झाडाला सात ठिकाणचं रक्त चालतं, पोरीसाठी स्थळ मात्र आपल्यातलंच लागतं. मला हे तेव्हाही दिसत होतं. मी चटणी वाढून घेतली.

एकदा मी तिथं बोलून गेलो की वांडा हे नाव आपल्याच जुन्या शब्दावरून घेतलंय म्हणे, म्हणजे बांडगूळ. मॅडमनी नाक मुरडलं.

“छी! पॅरासाइट थोडीच है. ऑर्किड है.”

बरोबरच होतं त्यांचं. वांडा झाडाचं काही खात नाही, नुसता धरून बसतो. पण भीमपूरकडच्या आमच्या गावात हा फरक कुणी करत नाही. झाडावर जे जे आपोआप उगवलं ते बांडगूळ, आणि बांडगूळ दिसलं की विळा.

हे विळ्याचं काम आमच्या घराकडे होतं. गावाच्या वरच्या अंगाला मालकांची आंब्याची झाडं होती. माघात, मोहोर नीट धरायच्या आधी, माझा बाप बांबूच्या टोकाला विळा बांधून त्या झाडांवर चढायचा आणि बांडगूळ तोडून खाली टाकायचा. आई खाली पदर खोचून उभी. मजुरी काय? तर बांडगूळच. पाला शेळ्यांना, काटक्या चुलीला. मालकांना वाटायचं आपण फार देतोय. आम्हालाही तसंच वाटायचं, हे जास्त वाईट.

एका आंब्याच्या बेचक्यात एक वांडा होता. मला तेव्हा ते नाव कुठलं माहीत. जाड पट्ट्यांसारखी पानं, टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी, आणि सालीला चिकटलेली पांढरी मुळं. बापानं त्याच्यावर विळा धरला तशी आई खालून ओरडली.

“थे राहू द्या!”

“काऊन? बांडगूळच होय ना थे.”

“असू द्या. कोनाचं खाऊन राह्यलं?”

बाप वरून म्हणाला, “मालक इचारतीन तं तूच सांगजो मंग.”

मालकांनी कधी विचारलं नाही. त्यांना वर बघायची सवय नव्हती.

आईला ते का हवं होतं, ते मला नंतर कळलं. आमच्या वस्तीत पत्र्याचं एक लहान विहार आहे. वैशाखी पौर्णिमेला सकाळी बायका पांढरी लुगडी नेसून फूल घेऊन जातात. आता वैशाखात आमच्याकडे फूल कुठलं? विहिरीच्या तळाशी बादली खरवडावी लागते. मोगरा फुलायचा तो फक्त मालकांच्या अंगणात, त्यांच्या मोरीचं पाणी त्याला जायचं म्हणून. आई लग्न होऊन आली त्या वर्षी ओंजळभर फुलं मागायला गेली. मालकीणबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्या नाही म्हणणाऱ्यातल्या नव्हत्याच. त्यांनी आईला पदर पसरायला सांगितलं आणि ओट्यावरून, हात लांब करून, वरून फुलं सोडली. काही पदरात पडली, काही शेणात. आईनं शेणातलीही वेचली. विहारात नेली, वाहिली, आणि पुन्हा त्या दारात गेली नाही.

मी लहान असताना एका वैशाखात त्या आंब्याखालून जाताना तिला वास आला. वर बघितलं तर बांडगुळाला फूल. विटक्या पिवळ्या पाकळ्या, त्यांवर तपकिरी चौकटी, जुन्या लुंगीच्या कापडासारख्या, आणि मधोमध जांभळी जीभ. कुणाच्या मालकीचं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, मागायला कुणाच्या ओट्यापाशी जायचं नाही. तेव्हापासून दर वैशाखी पौर्णिमेला तिच्या हातात तो एक तुरा असायचा. बाकीच्या बायका कण्हेर नाही तर कागदाची फुलं आणायच्या आणि तिला चिडवायच्या.

“आली वं बांडगूळवाली!”

“हो,” आई म्हणायची. “बांडगूळ आनलं बांडगुळानं.”

बाप गेला, शेळ्या गेल्या, विळ्याचं काम संपलं. मी शिकलो, नोकरीला लागलो. आई गावातच राहिली. गावात मी तिला माय म्हणतो, कॉलनीत तिच्याविषयी बोलताना आई म्हणतो. ती आदिलाबादला माझ्याकडे राहिली की चार दिवसांत कंटाळते. माझ्या गच्चीवरच्या टोपल्या तिनं एकदाच बघितल्या.

“हे कोनत्या झाडावरून पडले?” तिनं विचारलं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या हिवाळ्यात मंडळात एक नवीन वारं आलं. हायब्रिड म्हणजे बाजारू, खरा रसिक स्पिशीज ठेवतो, असं हैदराबादच्या कुणी तरी मॅडमना सांगितलं. स्पिशीज म्हणजे जंगलातलं, कुणी न जुळवलेलं मूळ झाड. काल ज्याला छी म्हणत होते, त्याच्यासाठी आज जीव कासावीस. होळीनंतर प्रदर्शन होतं, त्यात स्पिशीजचा वेगळा विभाग ठेवला होता, परीक्षक बाहेरून येणार होते, आणि मंडळातल्या एकाकडेही दाखवायला स्पिशीज नव्हता. इंजिनियर साहेबांनी पुस्तकातला फोटो पुढे केला. टेसेलाटा. लुंगीच्या कापडाच्या पाकळ्या, जांभळी जीभ.

“ये तो इधर का ही है बोलते,” ते म्हणाले. “लेकिन मिलेगा किधर?”

मी कधी न बोलणारा माणूस. त्या दिवशी बोललो.

“हमारे गाँव में है. हमारे आम के पेड पे.”

‘हमारे’ गावापर्यंत ठीक होतं. दुसरं ‘हमारे’ कुठून आलं? कुणी विचारलं नव्हतं झाड कुणाचं म्हणून. पण ते म्हणताच मॅडम माझ्याकडे वळल्या, पहिल्यांदाच पूर्ण वळल्या.

“आपका मामिडी तोटा है क्या? बताए नहीं कभी!”

मामिडी तोटा म्हणजे आंब्याची बाग. मी हसलो. नम्रपणे, ज्यांच्याकडे बाग असते ते हसतात तसा.

पुढच्या रविवारी दोन गाड्या भरून मंडळ आमच्या गावाला निघालं. आदल्या दिवशी मी एकटा जाऊन आलो होतो. जुन्या मालकांचा नातू आता ती झाडं बघतो. माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान असेल, मी त्याला दादा म्हणतो, तो मला साहेब म्हणतो, आणि यातला कोणता शब्द खरा नाही हे दोघांनाही ठाऊक आहे.

“दादा, थोडं काम होतं. उद्या काही लोक येऊन राह्यले. थे आंब्यावरचं बांडगूळ नेऊ म्हनतात.”

“न्या ना. झाड मोकळं होईन.”

“आन एक. मी त्यायले... झाड आमचं हाय असं सांगून बसलो.”

तो माझ्याकडे वळला. मग इतका मोठ्यानं हसला की बांधावरची पाखरं उठली.

“बरं साहेब! उद्याच्या दिवस तुमचं.”

आईला मी एवढंच सांगितलं की माझ्यासोबतचे लोक गाव बघायला येणार आहेत. ती तांदूळ निवडत होती. “चहाले दूध सांगा लागीन मंग,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे आंब्याखाली उभे राहिले. वर वांडा पसरला होता, माझ्या लहानपणापेक्षा तिप्पट, आणि पानांच्या बगलांतून नुकत्याच कळ्या डोकावत होत्या. मॅडमनी दोन्ही हात गालांना लावले.

“अब्बा, एंत बागुंदो!” किती सुंदर, असं तेलुगूत. मग माझ्याकडे वळून, “इत्ता बडा क्लम्प! पानी कौन डालता इसको?”

“कोई नहीं,” मी म्हणालो.

मालकांचा नातू बांधावर पाय सोडून बसला होता. मॅडमनी हळूच विचारलं, “वो आपका वाचमन है क्या?”

हळूच म्हणजे त्यांच्या मानानं. त्याला ऐकू गेलं. त्यानं उठून मला कपाळाला हात लावून सलाम केला.

“काय साहेब, राखन बरोबर चालू हाय ना तुमच्या झाडाची?”

मी होकारार्थी मान हलवली. ज्यांच्या ओट्याखाली माझी आई पदर पसरून उभी राहिली होती, त्यांच्या वारसाला मी माझा राखणदार होऊ दिलं. सूड म्हणून केलं असतं तर काही तरी बरं वाटलं असतं. मी ते भीतीनं केलं.

आई तेवढ्यात चहाची किटली घेऊन आली. डोक्यावर पदर, पायात माझ्या जुन्या चपला. मॅडमनी वाकून नमस्कार केला, आणि हे मात्र मान्य करावं लागेल, नमस्कार नीट केला. मग मला म्हणाल्या, “अम्मा से पूछ लीजिए पहले. उनका पेड है. ले जाएँ क्या?”

मी विचारलं. “माय, हे लोक हे बांडगूळ नेऊ म्हनून राह्यले. फुलाईच्या प्रदर्शनात ठेवाले.”

आईनं वर बघितलं. मग कळ्यांकडे बोट केलं.

“एवढा वैशाख होऊ दे म्हना. मंग न्या. नाई कोन म्हनते? तुरा घेतला की मंग न्या म्हना.”

“क्या बोल रहीं अम्मा?” मॅडमनी विचारलं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. प्रदर्शन वैशाखाच्या आधी. परीक्षक येणार, कार्डावर माझं नाव, ‘स्वतःच्या बागेतून’.

“बोल रही,” मी म्हणालो, “खुशी से ले जाओ.”

मॅडमनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला. आईनं तो घेऊ दिला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही, किटलीतून कपांत चहा ओतत राहिली. माझ्या मनात तेव्हा काय आलं माहीत आहे? बरं झालं हिला हिंदी येत नाही.

झाडावर कोण चढणार असा प्रश्न आला. नातू म्हणाला, “साहेबच चढतीन. त्यायच्या घरचं कामच होतं थे.” त्याला मजा येत होती. मी बूट काढले आणि चढलो, पन्नाशीला टेकलेला, पोट सांभाळत. मुळं सालीला अशी धरून होती की एकेक सोडवताना जुनं कापड फाटल्यासारखा आवाज येई. खुरपं घातलं तशी हातातच तुटत गेली. “रूट्स संभालके!” असं खालून इंजिनियर साहेब ओरडत होते. पहिला दांडा सुटला. टाकू कुठे म्हणून खाली बघितलं तर आई बरोबर माझ्या खाली येऊन उभी होती, पदर दोन्ही हातांनी पसरून. सवयीनं. बाप वर आणि ती खाली, अशी कितीतरी वर्षं ती उभी राहिली होती.

मी वरून तिच्या पदरात टाकलं. एकेक करून सगळं टाकलं. काही पदरात पडलं, काही बाजूला. तिनं बाजूचंही वेचलं आणि सगळं मॅडमच्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवलं.

गाड्या निघताना नातू माझ्या खिडकीशी आला आणि आत वाकून हळू बोलला. “साहेब, मजुरी पोचली ना? बांडगूळच भेटते ना तुमाले?”

अख्ख्या प्रदर्शनात त्या बांडगुळाला पहिलं बक्षीस मिळालं. तुरे वेळेवर उमलले, हॉलच्या एसीत वासही सुटला. लोक वाकून वास घ्यायचे आणि ‘रस्टिक’ म्हणायचे. शेजारी हायब्रिडांची रांग होती, निळे, जांभळे, पोपटी, प्रत्येक फूल मुठीएवढं, तेल लावल्यासारखं चकचकीत, आणि नाकाशी नेलं तर कशाचाही वास नाही. नवीन पंख्याला असतो तेवढासुद्धा नाही. त्या सगळ्या रांगेला आमच्या बांडगुळानं हरवलं, आणि मी स्टेजवर जाऊन मेडल घेतलं. फोटोत मी त्या बागवाल्याच्या हास्यात आहे.

मग ते माझ्या गच्चीवर आलं. सागाची टोपली, शेडनेट, दोन वेळा फॉगर, आठवड्याला पातळ खत. जे झाड कुणी थेंबभर पाणी न घालता सगळे उन्हाळे काढत आलं होतं, ते माझ्या काळजीनं महिन्याभरात कुजलं. आधी मुळं काळी पडली, मग पानं बुडापासून मऊ होऊन एकेक गळली. इंजिनियर साहेबांनी एक औषध सुचवलं, मॅडमनी दुसरं. मी दोन्ही मारली. शेवटी टोपलीत तपकिरी लगदा उरला. तो मी स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकला, कामवाल्या बाईलाही दिसू दिला नाही.

वैशाखी पौर्णिमा आली. मला जायचंच होतं. मोकळ्या हातानं जायचं धैर्य नव्हतं, म्हणून माझ्याकडचा सगळ्यात चांगला निळा वांडा, दोन भरगच्च तुऱ्यांसकट, टोपलीसह उचलला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन गेलो. अख्ख्या बसनं तो बघितला. कंडक्टर म्हणाला, “प्लास्टिकचा आहे का?”

आई पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती.

“केवढं मोठं हो हे!” तिनं फुलावरून बोट फिरवलं, मग बोट नाकाशी नेलं. “आन आपलं कुठं हाय?”

“मेलं, माय.”

“असं.” तिनं टोपली फिरवून बघितली. “हे कोनाचं?”

“माझं. घरचं. तुझ्यासाठी आणलं, वाहायला.”

“घरचं हाय तं तूच वाह्य,” ती म्हणाली आणि उठली.

विहारात बायका रांगेनं पुढे जात होत्या. कण्हेर, गुलमोहर, कुणाची प्लास्टिकची माळ. आई आपल्या जागेवर होती, दोन्ही हात मोकळे. एक म्हातारी मागून म्हणाली, “काय वं बांडगूळवाली, यंदा रिकामीच?”

“यंदा लेकानं आनलं,” आई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. पोरी माझ्या हातातल्या निळ्या टोपलीकडे बघून आऽऽ करत होत्या. आईनं पुढे जाऊन रिकामे हात जोडले, वाकली, बाजूला झाली. मी टोपली मूर्तीसमोर ठेवली. फूल सुकतं तसं हे शरीरही सुकणार आहे, अशा अर्थाची गाथा तेव्हा म्हणतात. सगळे म्हणत होते. मीही ओठ हलवले.

परत येताना वाटेत तो आंबा लागतो. आई त्याच्या सावलीत टेकली. मी उभाच होतो, आणि उभ्याउभ्याच बोललो. इतकी वर्षं मी कुणाला काही सांगितलेलं नाही, त्यामुळे मला सांगता येत नाही. धडाधड बोललो. झाड आपलं आहे असं त्यांना सांगितलं होतं, ते बोललो. वैशाख होऊ दे असं तू म्हणालीस आणि मी त्यांना भलतंच सांगितलं, तेही बोललो.

आई पदरानं वारा घेत होती.

“‘खुशी से ले जाओ,’” ती म्हणाली. शब्द न् शब्द माझाच, माझ्याच सुरात.

“तुला हिंदी कळते?”

“तुह्या कॉलेजासाठी आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगवर सहा हिवाळे काढले म्या. थे मुकादम काय मराठीत शिव्या देत होते काय?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“एवढ्या मोठ्या लोकाईत उभा होता तू. सर्वायसमोर तुले खोटा पाडू?” मग, अगदी साध्या आवाजात, “मालकीनबाईनं वरून फुलं टाकली, तवा वाटलं होतं, आपल्या घरात असा कोनी नाई होनार.”

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. उठली, लुगडं झटकलं आणि पुढे चालू लागली, माझी वाट न बघता.

त्यानंतरच्या रविवारी मी मंडळात सांगून टाकलं. झाड माझं नव्हतं, बागही नव्हती, राखणदार म्हणून ज्याला बघितलंत तो मालक होता, माझ्या आईनं वैशाख होईपर्यंत थांबा म्हटलं होतं, आणि मेडल परत घ्या. वाटलं होतं निदान एखादं भांडं तरी आपटेल. इंजिनियर साहेबांनी इडलीचा तुकडा सांबारात बुडवला. मॅडमनी हातातली बशी खाली ठेवली.

“अरे, तो क्या हुआ? मेडल तो प्लांट को मिला ना.” आणि मग पुढे झुकून, “उस गाँव में और है क्या? दूसरे पेड पे?”

मी त्यांना हसायला गेलो आणि हसू आलं नाही. माझ्या लाजेलासुद्धा त्यांच्या लेखी किंमत नव्हती. आणि अशा माणसांत उभं राहता यावं म्हणून मी आईचं फूल दिलं होतं.

अमावास्या झाली, तेव्हा आईचा फोन आला.

“थे तुझं फूल अजून तसंच हाय.”

“टिकतं ते, माय. तसंच असतं.”

“वाह्यलेलं फूल दुसऱ्या दिशी सुकाव. सुकते म्हनून तं वाहाचं. हे बापा मरेनाच. पोरी इचारतात, आजी, खरं हाय का खोटं? काय सांगू?” मग म्हणाली, “बायाईले फूल ठेवाले जागा उरली नाई. येऊन घेऊन जाय.”

मी गेलो. तिनं टोपली आधीच विहारातून काढून घराबाहेर, शेळ्यांच्या जुन्या खुंटीला अडकवून ठेवली होती. निळी फुलं टवटवीत, एक पाकळी वाकडी नाही. येताना मी विहारात डोकावलो होतो, मूर्तीसमोर टोपलीच्या जागी कुणी तरी ठेवलेली कण्हेर होती, सुकून तपकिरी झालेली.

आईनं खुंटीवरून टोपली काढून माझ्या हातात दिली. वरून सोडली नाही, हातात दिली.

“चहा घेशीन?” तिनं विचारलं.